वीस मीटर

पणजीच्या भूमापन कचेरीत अठ्ठावीस वर्षं
मी हा डोंगर काढला.
ट्रेसिंग कागद, बारीक टोकाचं पेन, तपकिरी शाई,
रेघेच्या आत रेघ, तिच्या आत आणखी एक,
दोन रेघांमध्ये वीस मीटर.
अकराच्या चहाआधी
मी सोसोगड चढून उतरलेला असायचो.

आज साट्र्याच्या शेवटच्या घरापाशी
नवलू वरकाने माझ्या मोज्यांत मीठ आणि तंबाखू चोळली,
कोयता कमरेला अडकवला,
आणि पहिल्याच रेघेवर माझा श्वास संपला.

ऑक्टोबर अर्धा गेलेला.
पाऊस थांबून चार दिवस झालेले, पण झाडांचा पाऊस चालूच:
एक पान दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला,
माझ्या मानेवर पोचेस्तोवर थेंब कोमट.
मी सारखा वर बघत होतो. किती उरलं. शिखर कुठे.
"वयर पळयनाकात," नवलू म्हणाला,
"पांयां मुळांत पळयात."

पायांपाशी एक जळू वाट मोजत होती.
शेपूट टेकव, तोंड टेकव, शेपूट ओढून घे.
आमच्या खात्याची साखळी अशीच चालायची जमिनीवर,
फक्त ती रक्त मागत नसे.
(मागत असेल. मी कचेरीत होतो.)

आणखी वीस मीटर.
वेताच्या काट्याने टोपी काढून घेतली.
आणखी वीस.
भेरली माडाखाली गव्याचं शेण, अजून वाफाळतं,
आणि नवलू कुजबुजला की जरा थांबूया,
त्याला आधी जाऊ दे, घर त्याचं.
डोक्यावरून धनेशाची जोडी गेली.
पंखांचा आवाज असा, की कुणीतरी धापा टाकतंय.
मला वाटलं मीच.

मग अचानक एक सपाट तुकडा.
रानाच्या मधोमध फणस.
एवढ्या वर फणस कोण लावतो?
खाली मातीत अर्धी रुतलेली दगडी डोण,
तिच्यातल्या पाण्यात बेडकाची पिल्लं.
"माझा जन्म हितलाच," नवलू म्हणाला,
बसचा थांबा दाखवावा तसं.
चार घरं होती. म्हशी चाळीसेक.
भाऊ चालायला लागला त्या वर्षी सगळे खाली उतरले.
डोण तेवढी उचलली नाही कुणाला.

मला हा तुकडा माहीत होता.
सर्व्हेअरच्या वहीत चार टिंबं होती, शिसपेन्सिलीची,
एक थोडं पुसट.
पन्नास हजाराला एक, ह्या मापात
घर म्हणजे सुईच्या टोकाएवढंसुद्धा नाही,
आणि तिथे उतार असा की रेघा एकमेकींना चिकटलेल्या.
टिंबं ठेवली तर रेघ तुटत होती.
कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना विचारलं असतं
तर ते म्हणाले असते, तुझं तू बघ.
मी रेघ ठेवली.

नकाशा पाठीवरच्या नळीत होता.
दाखवायला म्हणून आणलेला, मिरवायला म्हणून.
डोणीच्या काठावर उलगडला.
नवलूने तो आधी उलटा धरला, मग आडवा,
ओठ हलवत ओढा शोधला, ओढ्यावरून वर आला
आणि अंगठा टेकवला.
बरोबर तिथेच.
त्या अंगठ्याखाली चार घरं, गोठा, फणस
आणि अर्धा डोंगर झाकला गेला.
"हें बघा, हितं," तो म्हणाला. "बरोबर काढलाय हो कुणी तरी."

मी काहीच बोललो नाही.
गूळ काढला, दोघांनी खाल्ला.

शिखरावर ढग होता.
बघण्यासारखं काही नव्हतं,
म्हणजे एकमेकांचे पाय दिसत होते.
नवलूने एक धोंडा उचलून ढिगावर ठेवला,
मला म्हणाला, तुम्हीपण ठेवा.
शोधायला गेलो तर जवळचे सगळे आधीच कुणी ठेवलेले.
खाली उतरून, एका रेघेवरून, आणला.

म्हापशाला पोचलो तेव्हा रात्र झाली होती.
मोज्यावर रक्ताचे ठिपके.
दिव्याखाली बसून मोजले,
चार निघावेत असं वाटत होतं.
सात निघाले.
बायको म्हणाली, गरम पाणी नको,
थंड पाण्यात भिजव.